दक्षिणेत आलेली नोकरी

इंग्लंडात ब्रॅकनेलच्या आमच्या कॉम्प्युटर कंपनीने माणसं कमी केली, त्या दिवशी साहेबांनी मोठं भाषण केलं. कठीण काळ, नवी रचना, तुमच्या योगदानाबद्दल आभार. आम्ही सगळे गंभीरपणे माना डोलावत होतो. एवढ्यात मागून एक हात वर गेला. "सॉरी, आय हॅव नॉट अंडरस्टूड. शुड वुई कम टुमॉरो ऑर नॉट?" साहेब लाल झाले आणि "नाही" म्हणाले. खरं सांगायचं तर मलाही तेव्हाच कळलं.

तो हात आगाशेकाकांचा. पन्नाशी उलटलेले, मूळचे सांगलीचे, आणि न कळलेलं उघड सांगण्याची मुळीच लाज नसलेले. "कळलं नाही तर विचारावं. मान हलवायला आपण काय नंदीबैल आहोत?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शनिवार-रविवारी ते भटजी असत. तेव्हा आसपास मराठी भटजी मिळत नसे. वडिलांकडून शिकलेल्या मंत्रांवर काका डॉक्टरमंडळींच्या घरी सत्यनारायण सांगत, थंडीत सोवळ्याच्या आत लोकरीची पँट घालून. देवाला चालतं का, असं मी विचारलं तर म्हणाले, "देवाला इथली हवा माहीत आहे."

नोकरी गेल्यावर आम्ही दोघं एकाच दिवशी बेकारभत्त्याच्या ऑफिसात सही करायला जायचो, माझ्या गाडीतून. माझा नवरा डॉक्टरकीच्या इथल्या परीक्षांना बसला होता, मुलं लहान, घर माझ्या पगारावर चालायचं. मला तिथे शिरताना मान वर करवत नसे. काउंटरवरची बाई प्रत्येकाला विचारायची, मागच्या सहीनंतर काही काम केलंत का? सगळे "नो" म्हणून सही करत. काका म्हणाले, "येस. संडेला. सत्यनारायण पूजा."

बाई गोंधळली. तुम्ही प्रीस्ट आहात? नाही, प्रोग्रॅमर. मग पैसे मिळाले? थोडे, आणि एक नारळ. बाई आत जाऊन वरिष्ठांना घेऊन आली. त्यांनी तोडगा काढला, पैसे न घेता पूजा करा. काका कळवळून म्हणाले, "नॉट पॉसिबल, मॅडम. दक्षिणेशिवाय पूजा पुरी होत नाही. यजमानाचं नुकसान होतं!" घेतली तर कमाई, नाही घेतली तर पूजा अपुरी. वरिष्ठांनी प्रकरण वर पाठवलं. निर्णय होईपर्यंत काकांचा भत्ता थांबला.

गाडीत मी वैतागले. "अहो काका, 'नो' म्हणून मोकळं व्हायचं! कोण बघायला येतंय?"

"अगं नीता, खोटं बोलला म्हणून ज्याची नाव रिकामी झाली, त्या वाण्याची गोष्ट दर रविवारी मीच सांगतो ना लोकांना? आणि सोमवारी खोटी सही करू?"

काकूंनी महिनाभर काटकसर केली, काका पूजा सांगत राहिले आणि दक्षिणा देवापुढेच ठेवून यायला लागले. पण आपल्या पूजा अपुऱ्या राहतायत, हे त्यांना खात होतं. शेवटी स्लाऊच्या एका डॉक्टरांकडे आरती झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, "मला दक्षिणा म्हणून नोकरीची एक बातमी द्या. कुठे जागा आहे, एवढंच." यजमानीणबाई बावरल्या. मग कोणीतरी पेपरातली जाहिरात कापून विड्याखाली ठेवली. पुढच्या सहीला काकांनी हेही खरंखरं सांगितलं. काउंटरवरची बाई खूश झाली. नोकरी शोधताय हे उत्तमच, असं म्हणून तिने मान हलवली. भत्ता सुरू झाला. तिला नेमकं काय कळलं, देव जाणे.

अशीच एकदा मिल्टन कीन्सची जाहिरात आली. आम्ही जे काम करत होतो तेच, जागा एक. काका हळदीकुंकवाचे डाग पडलेलं ते कात्रण घेऊन माझ्या दारात उभे. "घे. अर्ज कर."

"मला? ही तर तुमच्यासाठी आहे!"

"मी वापरली की ती कमाई झाली. मग ऑफिसला सांगा, परत तो घोळ. तुला दिली की दान. सुटलो मी!"

ते हसत होते. गंमत करत होते की खरंच तसं मानत होते, मला समजेना. मी मान हलवली, अर्ज केला आणि ती नोकरी मला मिळाली.

काकांना कॉम्प्युटरची नोकरी पुन्हा मिळाली नाही. पुढे एका शाळेत थोड्या तासांचं काम केलं, मग पेन्शन. त्यानंतर माझ्या घरी पूजेला आले तेव्हा पाकीट खिशात घालत म्हणाले, "ऑफिसात विचारून आलोय. पेन्शनरला दक्षिणा चालते." आम्ही पोट धरधरून हसलो. तेव्हा त्या कात्रणाचा विषय काढता आला असता, पण पानं वाढायची होती.

काका गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यांचा हिशेब मी पुष्कळदा मनात मांडून पाहते. माझी मुलं लहान होती म्हणून दिलंत, की खरोखरच तुमचं शास्त्र तसं होतं? काका, मला कळलं नाही. त्या दिवशी दारातच विचारायला हवं होतं, पण मी नंदीबैलासारखी मान हलवली.