खळीचा रुमाल

पांढराशुभ्र रुमाल, त्याला स्पिरिटचा वास, तो माझ्या धाकट्या बहिणीच्या मनगटावर अलगद पसरलेला, आणि त्यावरून नाडी पाहणारी दोन बोटं... डॉक्टर म्हटलं की मला अजून आधी तेच दिसतं.

भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. खुर्सीपारच्या आमच्या झोपडीत भांड्यांवर, अंथरुणावर, भाकरीवरसुद्धा लाल धूळ बसे. भोवती तेलुगू, बंगाली, पंजाबी, छत्तीसगढी – सगळ्या बोली, आपली तेवढी नाही. म्हणून बाबा दिसेल त्याला विचारत, "कोन्या गावचे जी?" जवळपास डॉक्टर दोन. एक बंगाली, त्यांचं हिंदी बाबांच्या पल्ले पडेना. दुसऱ्यांनी हसून उत्तर दिलं, "भंडाऱ्याकडला हो मी!" झालं, निवड तिथेच ठरली. "आपला मानूस भेटला," बाबांनी घरी येऊन सांगितलं, तर मायनं गूळ घालून भात शिजवला.

धाकट्या शेवंताचा ताप येई, उतरे, पुन्हा येई. बाबा नुकतेच बौद्ध झालेले. त्यांनी दारातून "जयभीम" घातला तेव्हा डॉक्टर नुसते हसले, आणि खिशातून रुमाल काढला. "कित्ती साफसूफ मानूस!" माय म्हणाली. "त्याहिचा रुमाल आपल्यापायी कावून मयला करा?" तिनं आपल्या पांढऱ्या लुगड्याचा तुकडा कापला, कडा शिवल्या, भाताच्या पेजेत बुडवून उन्हात कडक वाळवला. मग दर खेपेला आम्ही आमचाच रुमाल नेऊ लागलो.

एके सकाळी आमच्या आधी ठेकेदाराची बायको होती. डॉक्टरांनी तिचं मनगट उघड्या हातानं धरलं, पोट दाबलं, पाठ ठोकली. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "आणला ना रुमाल?"

"त्या बाईले नाही लागला जी?" बाबांनी विचारलं.

"गावाकडची सवय हो... तुम्ही तर आपलेच. मनावर कावून घेता?"

बाबांनी शेवंताला खांद्यावर उचललं. न्यायानं सांगायचं तर त्या डॉक्टरांनी आम्हाला कधी दारातून परत पाठवलं नाही, कधी आवाज चढवला नाही. हात तेवढा लावला नाही.

बंगाली डॉक्टरांनी तिच्या पोटावर, डाव्या बरगडीखाली प्लीहेच्या जागी, तळवा ठेवला आणि ते थांबलेच. "तिल्ली इतनी बढ़ गई! किसी ने पेट छूकर नहीं देखा?" ते हिंदी मात्र बाबांना शब्द न् शब्द कळलं.

शेवंता वाचली – पण अख्खा पावसाळा कडू औषधात गेला. मायनं तो रुमाल चुलीवरची भांडी उतरवायला घेतला. खळ गेली, काजळी चढली, धूर त्यात मुरला.

पुढे कधीतरी शेजारी नवं बिऱ्हाड आलं. अगदी आपली बोली. ऐकून माझ्या अंगात आनंद सळसळला. तो माणूस बाबांजवळ येऊन मोठ्या उमेदीनं म्हणाला, "कोन्या गावचे जी?"

बाबांनी कारखान्याच्या धुराकडे हात केला.

"भिलाईचा," म्हणाले.