डॉक्टरांचे कान

गल्लीत त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. कॉम्प्युटर मुका झाला की न्या डॉक्टरांकडे. कुणी नकळत आवाज बंद केलेला, कुणाचा आवाज भलत्याच स्पीकरकडे वळलेला. डॉक्टर चुटकीसरशी शोधून काढत. पण दोन वर्षांपूर्वी खुद्द डॉक्टरांचेच कान गेले, आणि ते त्यांनी बायकोलाही कळू दिलं नाही. आवाज दुरुस्त करणारा बहिरा म्हटल्यावर दुकानाची पायरी कोण चढणार?

त्यांनी युक्ती काढली. गाणं लावायचं, पडद्यावरच्या हिरव्या पट्ट्या नाचताना बघायच्या आणि स्पीकरच्या जाळीवर बोटं टेकवायची. थरथर लागली की मशीन बरं. गिऱ्हाइकाची तक्रार बायकोने चिठ्ठीवर लिहून द्यायची, ही शिस्तही त्यांचीच. घरी मात्र चिठ्ठ्या कुठल्या? ती बोले, हे पेपरात डोकं घालून बसत. त्याच सुमारास झालेल्या एका मोठ्या भांडणानंतर त्यांनी धरलेला अबोला अजून सुटला नाही, असं ती समजे. या शहाण्याने तोच अबोला पांघरून घेतला.

एका दुपारी शिकवणीच्या बाई लॅपटॉप घेऊन आल्या. चारला त्यांचा ऑनलाइन वर्ग होता आणि आवाज गायब. डॉक्टरांनी सेटिंग बदललं, पट्ट्या नाचल्या, पण लॅपटॉपच्या इवल्याशा स्पीकरवर बोटांना काही लागेना. त्यांनी आवाज वाढवला. आणखी वाढवला. शेवटी एका सॉफ्टवेअरने तो दुप्पट केला, तेव्हा कुठे थरथर लागली आणि स्वारी खूश झाली.

मान वर केली, तर बाईंनी कानांवर हात घट्ट दाबलेले. बायको धावत आली, गाणं बंद केलं आणि चिठ्ठीवर लिहिलं: 'स्पीकर फाटला.'

'जुनाच होता' हे शब्द त्यांच्या ओठांवर आले होते. बाईंचा रडवेला चेहरा बघून त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"माझ्यामुळे फाटला, बाई. मला ऐकू येत नाही. नवा बसवून देतो, तोवर माझा लॅपटॉप न्या."

बाई गेल्या. बायको समोर बसली आणि काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

तिने चिठ्ठी ओढली, मग दूर सारली, आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन रडत ओरडली, "अहो, दोन वर्षं रोज माफी मागतेय मी तुमची!"