कुंडीच्या खापराची रेघ

दारात माणूस आला, की आक्का त्याचे नाव विचारत नसे, गावही विचारत नसे. "तोंड कुन्या बाजूला हाय?" एवढेच ती विचारी. तोंड त्या माणसाचे नव्हे, त्याच्या अंगावर उठलेल्या नागिणीचे. कमरेवर, छातीवर किंवा कपाळावर पाण्याने भरलेल्या पुळ्यांचा लाल पट्टा उठतो आणि अंगाच्या एकाच बाजूने पसरत जातो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. या पट्ट्याच्या एका टोकाला तोंड आणि दुसऱ्या टोकाला शेपूट असते, आणि तोंडाला शेपूट मिळून वेढा पुरा झाला, की माणूस वाचत नाही, अशी आमच्या भागातली समजूत. आक्का ते तोंड शोधी आणि त्याच्यापुढे गेरूची आडवी रेघ ओढून त्याची वाट अडवी.

आक्का माझी थोरली बहीण. तिला हिंगोलीजवळच्या पुसेगावात दिलेली. रेघ ओढण्याची विद्या तिला सासूकडून मिळाली; गेरू मात्र माहेरचा. आमच्या घरी मेंढरे होती, आणि आपले मेंढरू दुसऱ्याच्या कळपात गेले तर ओळखू यावे म्हणून त्याच्या पाठीवर गेरूची खूण करीत. तोच गेरू आक्का सहाणेवर उगाळी. कोणी नाक मुरडले तर म्हणे, "खूण केलेलं मेंढरू हरवत न्हाई. माणसाचं बी तसंच हाय."

तिचे नियम ठरलेले होते. अंघोळीवाचून गेरूला हात लावायचा नाही. माणसाला उगवतीकडे तोंड करून बसवायचे. कोणाकडून काही घ्यायचे नाही, अगदी त्याने आणलेला नारळसुद्धा नाही. आणि सर्वांत कडक नियम असा, की हा हात आपल्या स्वतःच्या घरात चालत नाही. घरच्या माणसाला नागीण झाली, तर त्याला दुसऱ्या गावच्या हाताकडे न्यायचे.

नव्वदच्या दशकात मी सेनगाव तालुक्यातल्याच एका शाळेत गणित आणि विज्ञान शिकवीत होतो. सुट्टीच्या दिवशी आक्काच्या ओट्यावर बसलो, की निरनिराळी माणसे पाहायला मिळत; बंजाऱ्यांच्या तांड्यावरून चालत आलेली एक बाळंतीणही त्यांत होती. एकदा वारंगा फाट्यावरून एक धिप्पाड ट्रक ड्रायव्हर आला. बरगडीवर पट्टा, आणि तोंडचे पाणी पळालेले.

"अम्मा, मर जाऊंगा क्या मैं?"

"मरशील की," आक्का गेरू उगाळता उगाळता म्हणाली, "पन ह्यानं न्हाई, ट्रकानं. रात्रंदिस गाडी पळवून राहिला, अन् पुळीला भेऊन राहिला व्हय रे?"

तो हसला, आणि तो हसत असतानाच तिने रेघ ओढली. बहुतेकांची नागीण काही आठवड्यांत आपोआप सुकते, हे मी वर्गात सांगत असे. आक्कालाही ते माहीत होते. "तू तुझ्या शाळेत शिकव, मास्तर," ती म्हणे, "मी माझ्या ओट्यावर."

मग एका पावसाळ्यात दाजींना, म्हणजे आक्काच्या यजमानांना, छातीवर नागीण उठली. नियमाप्रमाणे त्यांना नरसी गावाच्या पलीकडे एका म्हाताऱ्याकडे न्यायला हवे होते. ओढ्याला पूर होता, गाड्या बंद होत्या, आणि आक्काच्या म्हणण्याप्रमाणे तोंड पाठीकडे सरकत होते. तिने आपल्याच हाताने रेघ ओढली. पुळ्या सुकल्या, खपल्या पडल्या. आग मात्र राहिली. दाजी पुढे अंगात सदरा घालू शकले नाहीत. उपरण्याचे टोक लागले तरी कळवळत. झोप बसून. दोनेक वर्षांनी ते दुसऱ्याच दुखण्याने गेले, पण अखेरपर्यंत त्यांचा तळहात त्या जागेवर, न टेकवता, अधांतरी धरलेला असे. आक्का याविषयी कधी बोलली नाही. फरक एवढाच झाला, की तेव्हापासून ती माणसाला निरोप देताना विचारू लागली, "आग हाय का?"

दोन हजारनंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात आक्का आणि मी अमेरिकेत माझ्या मुलाकडे, अनिलकडे, गेलो. माझी पत्नी हयात नव्हती, आणि सूनबाईंचे बाळंतपण होते. म्हणून बाळाला न्हाऊमाखू घालायला आक्का. अनिलने लहानपणी सुट्टीत दाजींची ती अवस्था पाहिली होती. एके दिवशी जेवताना तो म्हणाला, "आत्या, बाबा, नागीण होऊ नये म्हणून इथे आता लस निघाली आहे. तुमच्या वयाच्या माणसांसाठीच आहे. तुम्ही दोघांनी घ्यायची."

आक्काचा घास हातातच राहिला. "नागीण व्हायच्या आधीच? तोंड न्हाई, शेपूट न्हाई, अन् औषध कशावर करून राहिले?"

मी शिक्षक, समजावून सांगणे हा माझा धर्म. मी तिला सांगितले, की लहानपणी आपल्याला कांजण्या होतात. त्या बऱ्या झाल्या तरी त्यांचे विषाणू शरीरातून जात नाहीत, मज्जातंतूंच्या मुळाशी निजून राहतात, आणि उतारवयात अंगातली शक्ती कमी झाली, की नागीण होऊन उठतात. लस त्यांना निजलेलेच ठेवते.

आमच्याकडे कांजण्या उठल्या तर 'आई आली' म्हणतात. दारात कडुलिंबाचा डहाळा बांधतात आणि तिला गोड नैवेद्य दाखवून बोळवतात. आक्काने ताट बाजूला सारले.

"म्हंजे लेकरपनी आलेली आई गेलीच न्हाई? अंगातच बसून राहिली?"

"तसेच."

"अन् तिचीच नागीण झाली?"

"हो."

"मंग आमी बोळवलं कुनाला रे?"



लस आधी मी घ्यावी, असे ठरले. दवाखान्यातल्या बाईंनी दंडावर मागच्या बाजूला सुई टोचली आणि जागा लाल होईल, खाजेल, घाबरू नका, असे बजावले. ते अनिलने मला सांगितले. आक्काला सांगायचे मात्र राहून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बनियनवर बसलो असता आक्का मागून आली आणि थबकली. माझ्या दंडावर तांबडे, गोल, सुजलेले वर्तुळ उमटले होते. मध्ये कातडी फिकट, भोवती लाल कडे. तिने आयुष्यभर ज्याची वाट अडवली, तो पुरा झालेला वेढाच तिच्यासमोर होता.

"तोंड शेपटाला मिळालं!" ती ओरडली. "अनिलबाबा, मिळालं रे!"

अनिल कामावर गेला होता. मी बाईंचे शब्द तिला सांगू लागलो, पण ती ऐकायला थांबलीच नाही. तिने अंघोळ केली. इतक्या भीतीतही नियम सुटला नाही. मग गेरू शोधू लागली. अमेरिकेतल्या घरात गेरू कुठून असणार? ती मागच्या अंगणात गेली, सूनबाईंची तुळशीच्या रोपासाठी आणलेली मातीची तांबडी कुंडी उचलली, रोप हलक्या हाताने बाजूला काढून ठेवले, आणि कुंडी पायरीवर आपटली. त्यातले एक खापर घेऊन पाण्याबरोबर दगडी पायरीवरच उगाळले. मला उगवतीकडे तोंड करून बसवले, आणि वर्तुळाच्या एका बाजूने कडे तोडीत आडवी रेघ ओढली. तोंड कोणते, शेपूट कोणते, हे तिने कसे ठरवले ते मला आजही ठाऊक नाही. 

संध्याकाळी अनिलने हसून सगळे समजावले. सूनबाईंनी कुंडीकडे पाहिले, आत्यांकडे पाहिले, आणि तुळस बादलीत लावली. पुढे वर्तुळ फिकट होत गेले आणि नाहीसे झाले. लसीचा परिणाम म्हणून आलेले आपोआप गेले, असे अनिलचे म्हणणे.  एका दुपारी आक्का मला त्याच पायरीवर घेऊन बसली.

"मास्तर, तू मला भाऊ. भाऊ म्हंजे आपलं घर, का परकं?"

मी नेहमीच्या पद्धतीने मांडणी केली. लग्नानंतर बहिणीचे घर सासरचे. भावाचे घर ते माहेर. म्हणजे नियमाच्या दृष्टीने मी तिच्या घरातला नाही.

"नियमानं न्हाई. पन मला तर तू घरचाच वाटतो. अन् तरी वेढा गेला. म्हंजे घरात बी हात चालतो. मंग ह्यायची आग काहून न्हाई गेली? नियम मोडला म्हनून न्हाई गेली, असं मी इतकी वर्सं धरून बसले होते."

इतक्या वर्षांच्या तिच्या मौनामागे हे होते. मी सावकाश आणि स्पष्ट शब्दांत सांगितले: माझ्या दंडावर आले ती नागीण नव्हती. दाजींची आग कातडीवर नव्हती, आतल्या मज्जातंतूत होती. तिथपर्यंत गेरू पोचत नाही. घरचा हात असो की परका. नरसीपलीकडच्या म्हाताऱ्याकडूनही काही झाले नसते, आणि ही लस तेव्हा निघालेली नव्हती. "आक्का, तुझ्याकडून काही चुकले नाही."

"म्हंजे माझा कसूर न्हाई?"

"नाही."

"कारन माझ्या हातात काही नव्हतंच."

मी पायरीवरचा खापराचा तांबडा डाग बोटाने पुसू लागलो.

"मंग तो ट्रकवाला? तांड्यावरची ती बाळंतीन? चालत आली, बरी होऊन गेली, ती समदी माणसं?" तिने आपला उजवा तळहात उघडून पाहिला. "कसूर काढून टाकायचा तर हात बी काढून टाकावा लागतो, मास्तर. तुझ्या गणितात दुसरा काही मेळ बसतो का, बघ."

मी आयुष्यभर मुलांना समीकरणे सोडवून दिली. एका बाजूने काही वजा केले, तर दुसऱ्या बाजूनेही करावे लागते, हे मीच फळ्यावर लिहीत असे. दुसरा मेळ मला सापडला नाही, आणि खोटा सांगण्याचे धाडस झाले नाही.

लस घ्यायची की नाही, याबद्दल मग कोणी तिला काही म्हटले नाही. काही दिवसांनी तीच सकाळी लुगडे बदलून दारात उभी राहिली. "चल, अनिलबाबा. ह्यायच्या वाटेनं मला जायचं न्हाई." दवाखान्यात तिने डावा दंड पुढे केला. बाई उजव्या बाजूला वळल्या, तर हात मागे घेतला. "ह्यो राहू द्या. ह्याचं अजून ठरलं न्हाई."

पुढचे काही दिवस ती सारखी बाही वर सारून पाहत होती. डाग नाही, सूज नाही, खाजही नाही.

"तुला आलं, मला न्हाई. औषध तुला लागलं, का मला?"

"आत्या, दोघांनाही लागलं. सगळ्यांनाच डाग येत नाही."

"असं कसं? आलं तरी लागलं, न्हाई आलं तरी लागलं. मंग वळखायचं कसं रे?"

अनिल माझ्याकडे पाहू लागला. मी बाळाकडे पाहू लागलो.

परत आल्यावर आक्का रेघा ओढणे बंद करील, असा माझा अंदाज होता. तो चुकला. ओटा पूर्वीसारखाच चालू राहिला. फक्त रेघ ओढून झाली, की ती माणसाला उठवून म्हणे, "आता हितून नीट हिंगोलीला डॉक्टरकडं जा. आजच जा, उद्या न्हाई. माझी रेघ वरची हाय. आग आतून येती, तिला गोळ्या लागतात."

एकदा एक जण वैतागला. "आजी, डॉक्टरकडंच जायचं, तर मंग तुमच्याकडं काहून यायचं?"

"तू आलास काहून, ते तूच सांग," आक्का म्हणाली.

तो जीपकडे गेला. तिने हे टोमणा म्हणून विचारले नव्हते. तिला उत्तर हवे होते, असे मला वाटते.

नागीण तिला कधी झाली नाही. काही वर्षांनी एका सकाळी ती झोपेतून उठलीच नाही. चेहऱ्यावर त्रासाची खूण नव्हती. दोन्ही हात अंगावर नीट टेकलेले होते. तेरावे झाल्यावर मी तिचे सामान आवरायला घेतले. सहाण धुऊन उभी करून ठेवलेली होती. शेजारी माहेरचा गेरू फडक्यात बांधलेला, आणि त्या गाठीवर धूळ बसलेली. तो कित्येक दिवसांत सोडलेला नव्हता. सहाणेपाशी होते ते कुंडीचे खापर. अमेरिकेतून निघताना तिने ते केव्हा पिशवीत टाकले, कोणाला कळले नव्हते. उगाळून उगाळून ते अंगठ्याएवढे उरले होते.

म्हणजे परतल्यापासूनच्या साऱ्या रेघा या खापराच्या होत्या. का, हे मी रीतसर समजून घेण्याचा प्रयत्न केला. त्या मातीने भावाचा वेढा तोडला, म्हणून तिच्यावर विश्वास बसला असेल. किंवा जिथे लस मिळते तिथली माती लावली, तर थोडी लसही लागेल, असे वाटले असेल. किंवा आपल्या हाताचे अजून ठरलेले नाही, तोवर माहेरचा गेरू त्यात गुंतवू नये, असाही विचार असेल. तिन्ही कारणे मला पटतात, आणि म्हणूनच एकही पुरेसे वाटत नाही.

ते खापर हातात घेऊन मी ओट्यावर बसलो असता तांड्यावरची एक बाई आली. पदर कमरेपासून दूर, अधांतरी धरलेला. आक्का आहे का, म्हणून विचारले. मी तिला आक्का गेल्याचे सांगितले. ती खालीच बसली.

"मंग आता कुनाकडं जावं, गुरुजी?"

"हिंगोलीला, डॉक्टरांकडे. मी येतो तुमच्याबरोबर. आजच जायला हवे." उत्तर बरोबर होते. मी उठलो, चपला घातल्या, आणि तिला जीपकडे नेता नेता माझ्या तोंडून शब्द गेले, "तोंड कोणत्या बाजूला आहे?"

तिने बोटाने दाखवले, आणि तिचा श्वास जरा सुटला. खापर माझ्या मुठीतच होते. मी ते सहाणेवर उगाळले नाही, आणि खालीही ठेवले नाही.