गोजराबाईनं पाहिलेलं भुताचं पिक्चर

केरू जाऊन चार महिने झाले होते, तेव्हा इगतपुरीच्या बंगल्यावर शूटिंगवाले आले. साल एकोणऐंशी. बंगल्याचे मालक मुंबईला असत. केरू आणि त्याची बायको गोजराबाई बारा वर्षं बंगला राखत होते. आता ती एकटीच होती.

पिक्चर भुताचं होतं. तिनं झाडून-पुसून ठेवलेल्या खोल्यांत त्यांनी खोटी कोळिष्टकं लावली, भिंती काळ्या केल्या. धूर मात्र लागला नाही. धुकं खिडकीतून आपोआप आत येत होतं.

त्यांच्यातल्या एकानं विचारलं, "मावशी, या घरात कधी काही घडलंय का हो?"

"आमचे हे त्या मागच्या खोलीत गेले. कावीळ झाली व्हती."

त्यानं जाऊन त्या खोलीतली खाट पाहिली. मग म्हणाला, "खाट तीच आहे?"

"तीच हाय."

दुसऱ्या दिवशी खाट खिडकीशी ओढली होती आणि तिच्यावर हिरॉईन किंचाळत होती. गोजराबाई चहाची किटली घेऊन दारात उभी राहिली. आता तरी रडू येईल, असं तिला वाटलं. आलं नाही. केरू गेला तेव्हाही आलं नव्हतं.

वर्षभरानं पिक्चर नाशकात लागलं. तिची नणंद बयाबाई सातपूरला राहायची, ती तिला दुपारच्या खेळाला घेऊन गेली. धुकं छान दिसत होतं. दोन तास नुसती दारं करकरली, कंदील हलले. शेवटी भूत म्हणजे घोंगडी पांघरलेला हिरॉईनचा काका निघाला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. "हात्तिच्या, एवढ्यासाठी?" मागून कुणीतरी म्हणालं.

खाट दिसली तेव्हा बयाबाई हुंदके देऊ लागली. "वहिनी, दादाची खाट!"

गोजराबाईनं तिचा हात धरून ठेवला.

बाहेर आल्यावर बयाबाई म्हणाली, "तुला काहीच कसं वाटत नाय गं?"

गोजराबाईनं विचार केला. "एवढी दारं उघडली. म्हटलं, एखाद्यात तरी हे दिसतील. नाय दिसले."

बयाबाईनं तिला ठेवून घेतलं. आठ दिवस राहून ती परत इगतपुरीला गेली. चार वर्षांनी मालकांनी बंगला विकला, तेव्हा ती सातपूरला कायमची आली आणि एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटू लागली. कुणी काही विचारलं तर नीट उत्तर द्यायची. आपणहून बोलायची नाही.