लाट झेलणारे साडू

समुद्रापासून इतक्या लांब राहून लाटांना शिस्त लावायचा ध्यास घेतलेला आमच्या साडूंसारखा माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या आमच्या शहरात ते कॉलेजच्या प्रयोगशाळेतला, लाटांच्या अभ्यासासाठी पाण्यानं भरून ठेवलेला काचेचा लांबलचक पाट सांभाळत. त्याच्या एका टोकाला तेलाच्या दाबावर मागेपुढे होणारी लोखंडी फळी. तिनं पाणी ढकललं की लाट उठे, पलीकडे आपटून परत येई आणि पुढच्या लाटेचा विचका करी. परतलेली लाट फळीनंच मागं सरून अलगद झेलावी, अशी तिची चाल बसवण्यात साडूंची हयात गेली. घरीही तोच खाक्या. कपातला चहा पुरता स्थिर झाल्याशिवाय ते तोंडाला लावत नसत. मेहुणीनं बादलीत तांब्या बुडवला की बाहेरच्या खोलीतून आवाज येई, "हळू बुडव, किती आदळतंय ते." एकदा त्यांना पैठणला धरणावर नेलं, तर अथांग पाण्याकडे बघून म्हणाले, "लाटा लई हायेत, पण एकीला वळण नाय."

निवृत्तीच्या उन्हाळ्यात मात्र पंचाईत झाली. चाल बसत आली होती, शेवटची चाचणी तेवढी राहिली होती, आणि टँकर येईना म्हणून वसतिगृहातली पोरं बादल्या घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. साडू पाटातल्या पाण्यात एरवी कुणाला बोटही बुडवू देत नसत. मी गमतीनं म्हटलं, "आता खरी परीक्षा."

"परीक्षा कसली? पोरांना अंघोळीला पाणी नाय, अन् मी इथं लाटा काढत बसू व्हय?" असं म्हणून त्यांनी स्वतः पाटाची तोटी सोडली. वर प्रत्येकाला बजावलं, "हिंदकळवू नका रे."

पाट पुन्हा भरलाच नाही. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मी त्यांना न्यायला गेलो, तेव्हा कोरड्या पाटात फळी मागेपुढे होत होती. ते तिच्याकडे एकटक बघत होते.

"बसली का हो चाल?" त्यांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मला विचारलं.

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. शिवाय पाण्याविना ते कुणालाच कळलं नसतं. पण त्या क्षणी मला त्यांची इतकी माया आली की मी म्हटलं, "बसली."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं," ते म्हणाले आणि समाधानानं त्यांनी बटण बंद केलं.