सुरभीच्या वहीतली रेवती

संध्याकाळी सातला फुलसावंगीजवळच्या त्या गावात लोडशेडिंग सुरू होई आणि आठला टीव्हीवर रेवतीची मालिका लागे. या एका तासाच्या फरकाने सुरभीला गोष्टी जोडायला लावलं.

ती शेतमालक वामनरावांची धाकटी मुलगी. महागावला मावशीकडे गेली की तिला मालिकेचा एखादा भाग दिसे. रविवारी शेतात निंदताना, कापूस वेचताना ती तो बायकांना सांगे, आणि पुढचे पाच भाग मनाने रचून टाकी. मालिकेतली रेवती मुंबईची, तिचा नवरा बोटीवर गेलेला आणि बेपत्ता. सुरभीची रेवती मात्र तुरी पाखडायची आणि सासूच्या नकळत माहेरी चिवडा पाठवायची. सुरभीच्या आईची, कुंदाबाईंची, याला हरकत नव्हती. बाया ऐकण्यात गुंतल्या की चहाची आठवण उशिरा काढतात, हे त्यांनी हेरलं होतं.

सगळ्यांत जास्त गुंतली होती मजुरीला येणारी कांताबाई. कापसाचा भाव सलग दुसऱ्या वर्षी पडला तेव्हा तिचा नवरा सुरतेला कामाला गेला. चार महिने त्याचे निरोप आले, मग थांबले. त्याच्याबद्दल ती बोलत नसे. विचारायची ती रेवतीच्या नवऱ्याचं.

जुलैत सुरभी बीएला यवतमाळला निघाली, तेव्हा कांताबाई फाट्यापर्यंत आली. कागदात बांधलेले फुटाणे तिने एसटीच्या खिडकीतून सुरभीच्या मांडीवर टाकले.

"त्याले आणतं का नाही आता? का बोटीवरच म्हातारा करतं?"

"दिवाळीत आणतो, मावशी. नक्की."

होस्टेलात वीज होती, टीव्हीही होता. चौदा पोरी एकदम बसून मालिका पाहत आणि कोणालाच कोणी काही सांगायची गरज नव्हती. पहिल्याच आठवड्यात सुरभी म्हणाली, "आता ती सासूले पत्र दाखवीन," तर तिच्या 'सासूले'वरच सगळ्या हसल्या. त्यानंतर ती टीव्हीच्या खोलीत जाईनाशी झाली. खाटेवर पालथी पडून वहीत लिहू लागली. लिहिताना कधी मान वर केली की समोर भिंत असे, आणि पुढचं वाक्य कोणाकडे बघून म्हणावं ते कळेना.

तिची खोलीसोबतीण अनघा पुसदच्या प्राध्यापकांची मुलगी. तिने एकदा वही वाचली.

"अगं, नेटवर याला फॅन फिक्शन म्हणतात. दुसऱ्याची माणसं घ्यायची नि आपली गोष्ट लिहायची. मस्त आहे! पण हा नवरा येत का नाही? शंभर पानं झाली."

"येईल ना."

"मालिकेत तर आलासुद्धा. दुसरी बायको घेऊन."

सुरभीने वही तिच्याकडून काढून घेतली. तसा तो कांताबाईच्या पुढ्यात नेऊन उभा करणं शक्य नव्हतं. आणि मुळीच न आणणं म्हणजे तिचाही परतणार नाही, असं बोलल्यासारखंच झालं असतं. तीन आठवडे तिने पानं लिहिली, फाडली. शेवटी तो आला: थकलेला, एकटा, बायकोच्या पायाशी बसून रडणारा. ते लिहिताना तिला सारखा कांताबाईचा चेहरा दिसत होता. कशी थबकेल, कशी डोळ्याला पदर लावेल.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली त्याच दिवशी सीतादही होती. पहिल्या वेचणीआधी शेतात दहीभात शिंपडून करायची ती पूजा उरकली आणि बायांनी वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओट्या बांधल्या. मागच्या साली बारा होत्या, औंदा सहाच. प्रत्येकीने झाडांची आपापली ओळ धरली. सुरभीनेही वही पिशवीत ठेवून एक धरली.

ती घसा साफ करते तोच कांताबाईचा आवाज आला.

"...तं रेवतीनं त्याले पाट मांडून देल्ला. बेसन-भाकर वाढली. अन् पुसलं, किती दिवस राहणार हाय पाहुणे?"

बाया खो-खो हसल्या.

"मावशी, असं नाही होत," सुरभी म्हणाली. "थो माफी मागते. मी लिहून आणलं हाय."

"तू गेलतीस यवतमाळले." कांताबाईचे हात थांबले नव्हते. "अख्खं निंदण निंगालं. बाया दररोज पुसत. मी काय म्हणू, थांबा वं दिवाळीपरेंत? मधात बोलू नको आता. ऐक."

सुरभीने पुढचं बोंड धरलं. रेवतीचा नवरा आता भांडी घासत होता, शेजारीण कुंपणावरून बघत होती, आणि रेवतीच्या तोंडी असं काही वाक्य आलं की सगळी ओळ पुन्हा हसली. ते सुरभीला नीट ऐकू आलं नाही. चार महिन्यांत तिचा हात मंदावला होता. बाया चार-पाच झाडं पुढे गेल्या होत्या, कांताबाई सगळ्यांच्या पुढे, पाठमोरी.

सुरभी भराभर ओढू लागली. बोंडांत निम्मा कापूस तसाच राहत होता, बोटांना काटे लागत होते. आई पाहील, ओरडेल, हे तिला माहीत होतं. ती अर्धी झाडं तशीच सोडून आवाजाच्या मागे गेली.