बटेरांसाठी चौदा तासांचा दिवस

समजा, संध्याकाळचे पाच वाजलेत आणि तुमच्या हातात अंडी गोळा करायचा पुठ्ठ्याचा ट्रे आहे. समोर तीन मजली जाळीचे पिंजरे. जाळीला पुढे उतार दिलेला, म्हणून घातलेलं अंडं घरंगळत कडेला येऊन थांबतं. कोंबडीचं बहुतेक काम सकाळी उरकतं. बटेर मात्र दुपार कलल्यावर अंडी देते. अंडं जेमतेम दहा-बारा ग्रॅमचं, राखाडी, काळ्या-तपकिरी शिंतोड्यांचं. ते दोन बोटांनी उचलायचं, घाई करायची नाही आणि दार आपटायचं नाही; आवाज झाला की चारशे पाखरं एकदम उसळतात आणि डोकी जाळीवर आदळून घेतात. हे सगळं तुम्ही नीट केलं, तरी ट्रे रिकामेच राहताहेत.

बीबी गावच्या मनकर्णाबाईंवर मागच्या हिवाळ्यात ही वेळ आली होती.

वय पंचेचाळीस, शिक्षण सातवीपर्यंत. शेतातल्या विहिरीजवळ सासऱ्यांचा बैलांचा रिकामा गोठा होता. पाच वर्षांपूर्वी त्यांनी त्यात लावा पक्ष्याच्या जातीची ही पाळीव पाखरं आणली. पहिल्या खेपेला निम्मी पिल्लं दगावली. अंगठ्याएवढी पिल्लं पाण्याच्या भांड्यात बुडत होती. बाईंनी भांड्यांत गोटे टाकले, बुडणं थांबलं. मग त्या दर आठवड्याला दहा पिल्लं चहापत्ती तोलायच्या छोट्या काट्यावर तोलू लागल्या. ऊब कमी पडली की वजन अडतं, खाद्यात ढेप, म्हणजे पेंड, कमी झाली की अडतं, एका खणात गर्दी झाली तरी अडतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. काट्याने सांगितलं.

मागच्या वर्षी तीनशे माद्या रोज दोनशे चाळीसच्या आसपास अंडी देत होत्या. दिवाळीनंतर आकडा घसरू लागला आणि महिन्याभरात एकशे दहावर आला.

देऊळगाव राजाहून हर्षल यायचा. जालना रस्त्यावरच्या धाब्यांना तो बटेर पुरवतो. पिंजऱ्यात डोकावून तो म्हणाला, "काकू, थकले हे पाखरं. धाब्यावाले वाट पाहून राह्यले. म्हना तं रविवारी गाडीच आनतो, सगळे उचलतो."

"सहा महिन्याचं पाखरू थकत असन, तं मी अजून काऊन उभी आहो रे?"

हर्षल हसला, पण सासरे भगवानराव हसले नाहीत. गोठ्यात त्यांना सोयाबीन ठेवायचं होतं. ते म्हणाले, "सूनबाई, तीन रविवार थांबतो. नाही जमलं तं गाडी भरायची अन् गोठा झाडून द्यायचा. मंजूर?"

"हाव, मामाजी."

पुन्हा पिल्लं आणून पुन्हा गोठा मागायचा, हे त्या घरात होणार नव्हतं. गाडी भरली असती तर पाच वर्षांचं काम संपलं असतं.

खाद्यवाल्याने सांगितलं, खाद्य बदला. शेजारणीने सांगितलं, नर जास्त झाले. बाईंनी दोन्ही केलं, पण वेगवेगळ्या रांगांत: एका रांगेत ढेप वाढवली, दुसरीतले थोडे नर काढले, तिसरी होती तशीच ठेवली. नवरा गोविंदा वैतागला, "सगळ्याईले एकदमच कर नं वं. दिवस कुठं राह्यले?"

"एकदम केलं तं कशानं फरक पडला हे कसं समजन?"

आठवडा गेला. तिन्ही रांगांतली अंडी सारखीच रोडावली. एक रविवार संपला.

गोठ्याच्या भिंतीवर गोविंदा कोळशाने खुणा करतो. शेतीची विजेची लाइन एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री. हरभऱ्याला पाणी कधी द्यायचं ते चुकू नये म्हणून दिवसाच्या आठवड्याला गोल, रात्रीच्या आठवड्याला रेघ. अंड्यांचे आकडे बाई पुठ्ठ्यावर लिहितात. सोमवारी सकाळी त्यांनी तो पुठ्ठा त्या खुणांशेजारी धरला. गोलाच्या आठवड्यात उतार, रेघेच्या आठवड्यात थोडा चढ, आणि दर वेळचा चढ आधीपेक्षा बुटका.

गोठ्यातला दिवा त्या उन्हाळ्यापासून मोटारीच्या लाइनवर होता. लाइन दिवसा असली की सूर्य मावळताच गोठ्यात अंधार. रात्री असली की रात्रभर लख्ख उजेड. उन्हाळ्यात दिवसच मोठा, म्हणून ते खपून गेलं. हिवाळ्यात पाखरांना एक आठवडा अकरा तासांचा दिवस मिळत होता आणि दुसऱ्या आठवड्याला रात्रच मिळत नव्हती. बटेर नियमित अंडी देते ती रोज चौदा-सोळा तास उजेड आणि उरलेला वेळ अंधार मिळाला तर.

उजेड आणायचा कुठून? घरात फवारणीचा बॅटरीवाला पंप होता. त्याच्यासोबत एक छोटा दिवाही आला होता, खोक्यातून कधी न काढलेला. बाईंनी पोत्यांचा पडदा टांगून गोठ्याचे दोन भाग केले. एका भागात लाइनचा दिवा काढून पंपाचा लावला, रोज मावळतीपासून नऊपर्यंत. दुसरा भाग होता तसाच ठेवला.

चौथ्या दिवशी गोविंदा शेतातून तणतणत आला. "हरभऱ्यावर अळी पडली अन् पंपाची बॅटरी पाखरं वापरून राह्यले. घाटे काय आता मी हातानं झटकू?"

"दिवसा तुमी न्या, सांजच्याले मले आनून द्या. मधात घरी चार्ज करतो मी."

"अन् विसरलो तं?"

"तं भाकर बी विसरन मी."

तो एकदाही विसरला नाही.

दुसऱ्या रविवारी फारसा फरक नव्हता. भगवानरावांनी गोठ्याचं माप घेऊन ठेवलं. बाईंनी पुठ्ठ्यावर आकडा लिहिला आणि पिंजऱ्यांखालची विष्ठा काढायला लागल्या. पुढच्या बुधवारपासून उजेडातला भाग चढू लागला.

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी हर्षल रिकाम्या जाळ्या भरून गाडी घेऊन आला. भगवानराव स्वतः अंडी मोजायला बसले. दोन्ही भागांत दीडशे-दीडशे माद्या. पडद्याआड एकोणपन्नास अंडी. उजेडात एकशे अठरा. त्यांनी पुन्हा मोजलं. मग उठले आणि मधला पोत्यांचा पडदा आपल्या हाताने सोडवू लागले.

"आबा, मंग गाडीचं काय?" हर्षलने विचारलं.

"गाडी रिकामी ने. अन् सोयाबीन ठेवाले जागा असली कुठं तं सांग."

हर्षलची नजर उजेडाच्या भागातल्या कोपऱ्यातल्या एका लहान पिंजऱ्यावर गेली. त्यात एकच मादी होती. बाकीच्यांनी टोचल्याने तिचे दोन्ही डोळे गेले होते, म्हणून तिला वेगळं ठेवलेलं. "काकू, हे आंधळी तरी द्या. हिचा काय उपयोग?"

बाईंनी त्या पिंजऱ्याच्या कडेचं अंडं उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं.

"हिचं बी बंद पडलं होतं, बाकीच्याईसारखंच. अन् दिवा लावल्यावर बाकीच्याईसंगच सुरू झालं. आवाजानं म्हनावं, तं पडद्याच्या तिकडले पाखरं बी तेच आवाज ऐकत होते, ते नाही सुधरले. मंग मले सांग, जिले डोळेच नाहीत, तिले दिवस लंबा झाला हे समजलं कुठून?"

पाखराच्या पातळ कवटीतून उजेड आत झिरपतो आणि दिवस केवढा ते थेट मेंदूलाच कळतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.